सत्तावीस दरवाजांचे काय करायचे?

२०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत स्पर्धा परीक्षेची मुले पुण्यात रस्त्यावर बसली होती. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने आदल्या वर्षी जाहीर केला होता. चार पर्यायांतला एक गोळा काळा करायचे दिवस सरले, आता यूपीएससीसारखे पानेच्या पाने लिहायचे. मुलांचे म्हणणे होते, करा, पण २०२५ पासून करा. आयोगाने ते मानले आणि मुले उठून अभ्यासिकांत परतली. वाद मात्र उठला नाही, तो अजून ठाण मांडून आहे. एक बाजू म्हणते, गोळे रंगवून तलाठी निवडावा, उपजिल्हाधिकारी नव्हे. लिहायला लावले की घोकंपट्टी थांबेल. दुसरी म्हणते, ही पुण्यात खोली घेऊन क्लास लावू शकणाऱ्यांची सोय आहे. खेड्यातल्या मुलाचे गुण आता तपासनिसाच्या मर्जीवर आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबवणाऱ्या वेलांट्यांवर ठरणार. दोन्ही बाजूंचे बरेच वाचले. लिहिणे म्हणजे हाताने नेमके काय करायचे, हे कुणीच विचारलेले दिसले नाही.

परीक्षा वर्णनात्मक असावी, याच मताचा मी आहे. पण माहिती देणारा एक धड परिच्छेद कसा बांधायचा, हे पहिलीपासून पदवीपर्यंत आपण कुणालाही शिकवत नाही, आणि तोवर हा सगळा वाद पाया न खणता गच्चीच्या कठड्याबद्दल चाललेला आहे. परिच्छेद बांधणे ही कारागिरी आहे. गवंडी पोराच्या हातात ओळंबा देऊन दाखवतो तशी ती दाखवता येते, आणि मराठीतच दाखवता येते. नव्या योजनेत लेखीचे १७५० गुण आहेत: निबंधाचे २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०, वैकल्पिक विषयाचे दोन तेवढेच. मराठी आणि इंग्रजीचे पेपर यात धरलेले नाहीत, ते फक्त पात्रतेपुरते. पंचवीस टक्के मिळवा आणि सुटा. म्हणजे भाषा ओलांडून जायचा उंबरठा, आणि आत गेल्यावर सगळे घर परिच्छेदांचे. ही गंमत कुणाच्या लक्षात आली नाही याचेच मला नवल वाटते.

मी क्लास चालवत नाही. ओळखीच्या एका अभ्यासिकेत रविवारी सकाळी जातो आणि मुलांची उत्तरे वाचून देतो. चहा त्यांचा, लाल पेन माझे. पैठण तालुक्यातल्या एका मुलीने जायकवाडीवर लिहिलेला परिच्छेद मी उतरवून ठेवला आहे: ‘जायकवाडी हा महाराष्ट्रातील एक अत्यंत महत्त्वाचा बहुउद्देशीय प्रकल्प आहे. तो गोदावरी नदीवर पैठण येथे आहे. त्याची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते व उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. जलाशयास नाथसागर म्हणतात. धरणाची लांबी सुमारे १० किमी असून त्यास २७ दरवाजे आहेत. येथे पक्षी अभयारण्य आहे. साठवण क्षमता १०२ टीएमसी आहे. मराठवाड्यात वारंवार दुष्काळ पडतो. पाणी हेच जीवन आहे. अशा प्रकारे जायकवाडी ही मराठवाड्याची जीवनवाहिनी आहे.’

यात खोटे काही नाही. ऱ्हस्व-दीर्घाची चूकही नाही. अक्षर तर मोत्यासारखे. तरी हा परिच्छेद नाही. पहिले आणि शेवटचे वाक्य सोडून मधली सगळी वाक्ये चिठ्ठ्यांवर लिहा, टोपीत घालून हलवा आणि निघतील त्या क्रमाने लावा. वाचणाऱ्याला पत्ता लागणार नाही. अभयारण्य दरवाजांच्या आधी आले काय, नंतर आले काय. बटाट्याच्या गोणीत कुठला बटाटा वर आहे याने फरक पडत नाही, तसे. हिला माहिती नाही असे कसे म्हणणार? माहितीच माहिती आहे. बहुपर्यायी परीक्षेने तिला जे दिले ते सगळे तिने ओळीने मांडले, फक्त पर्यायांची अक्षरे काढून टाकली आणि पूर्णविराम दिले.

मी तिला विचारले, ‘दर काही उन्हाळ्यांनी बातमी येते, जायकवाडी शून्य टक्क्यावर. तेव्हा धरण कोरडं पडतं का गं?’ ती हसली. ‘नाही सर. पाणी असतंय की. लांबपर्यंत दिसतंय. पण ते कालव्यात जात नाही, कालव्याचं तोंड वर राहतं ना. मग पंप लावावं लागतंय.’ पाच-सहा वाक्ये, त्यांतले एकही पुढे-मागे करता येत नाही. ‘दिसतंय’ नंतर ‘पण’ येणारच होते. ‘तोंड वर राहतं’ हे कळल्याशिवाय पंपाला अर्थ नाही. वहीत जो परिच्छेद नव्हता तो तिच्या तोंडात होता. वही उघडली की तो कुठे जातो?

माझे उत्तर असे: बोलताना तिच्यासमोर प्रश्न होता, लिहिताना फक्त विषय होता. माहितीचा परिच्छेद विषयावर नसतो, तो एका प्रश्नाचे उत्तर असतो. प्रश्न कागदावर असो वा नसो, लिहिणाऱ्याच्या डोक्यात हवाच. तो असला की काय घ्यायचे, काय टाकायचे, आधी काय आणि मग काय, हे निम्मे आपोआप ठरते. ‘जायकवाडी’ हा विषय आहे आणि त्याला तळ नाही. त्यात शास्त्रीजीही येतात आणि फ्लेमिंगोही. ‘पाणी दिसत असताना साठा शून्य का म्हणतात?’ हा प्रश्न आहे, आणि त्याच्या दारात उभे राहून तुम्ही दहापैकी सात गोष्टींना ‘आज नको’ म्हणू शकता. चांगल्या परिच्छेदाची ओळख बरेचदा त्यात काय नाही यावरून पटते.

आता विरोधातले मुद्दे. ते हलके नाहीत, म्हणून सगळ्यांत जड आधी घेतो. परिच्छेदाचे शास्त्र शिकवले की त्याचा साचा होतो आणि साचा लिहिण्याला मारतो, असे अनेक चांगले शिक्षकच सांगतात. खरे आहे. पहिल्या वाक्यात मुख्य विधान, मग आधार, मग उदाहरण, मग समारोप, ही जी रचना इंग्रजी शाळांतून आपल्याकडे झिरपते ती अलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटिश प्राध्यापकाने १८६६ साली घालून दिलेल्या नियमांची नात-पणती आहे. आणि गंमत अशी की चांगले लेखक ती पाळतच नाहीत. रिचर्ड ब्रॅडक या अमेरिकी अभ्यासकाने १९७४ साली तिथल्या मासिकांतले लेख घेऊन मोजदाद केली, तेव्हा मुख्य विधानाने सुरू होणारे माहितीपर परिच्छेद शंभरात तेराच्या आसपास निघाले. साच्याचे टोक बघायचे तर चीनमध्ये बघावे. सरकारी नोकरीच्या परीक्षेत तिथे कित्येक शतके ठरलेल्या आठ भागांचा, त्यांच्या भाषेत आठ पायांचा, निबंध लिहावा लागे. हुशार माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्या आठ पायांवर उभ्या राहून म्हाताऱ्या झाल्या. विसाव्या शतकाच्या तोंडाशी तो निबंध गेला आणि १९०५ साली ती परीक्षाही. उद्या राज्यसेवेचे क्लासही ‘अठरा मार्कांचा पॅरा, पाच पायऱ्यांत’ असे फलक लावणार नाहीत याची हमी मी देऊ शकत नाही. बहुधा लावतीलच.

पण साचा नको म्हणून काही शिकवूच नये, हे कुठले तर्कशास्त्र? न शिकवल्याने मुले मोकळी लिहीत आहेत का? त्या मुलीचा परिच्छेद पुन्हा पाहा. ‘अत्यंत महत्त्वाचा’ने सुरुवात, ‘अशा प्रकारे’ने शेवट, मध्ये एक सुविचार. हा साचा नाही तर काय आहे? गाइडातून, मोठ्या भावाच्या वहीतून, उत्तरपत्रिका भरल्यासारखी दिसावी या भीतीतून तो आला आहे. शिकवणाऱ्याने जागा मोकळी ठेवली की तिथे गाइड येऊन बसते. शिवाय मी जे मागतो आहे तो क्रमच नव्हे. मुख्य वाक्य पहिले येवो, शेवटी येवो, नाहीतर लिहिलेच न जावो. मुलीने बोलताना ते कुठे उच्चारले? प्रश्न एक असला आणि प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याचा हात धरून आले की पुरे. आठ पाय असल्याने चीनचा निबंध मेला असे मला वाटत नाही. त्याला कोणत्याही खऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नव्हते, म्हणून मेला.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा, आणि क्लासवाल्यांचा तर लाडका. परिच्छेद हवेतच कशाला? मुद्दे काढा, बाण काढा, महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ मारा. तपासणाऱ्याकडे वेळ कुठे असतो? पुन्हा यातला खरा भाग मान्य करू. योजनेला लागणारी कागदपत्रे, रेसिपीचे सामान, निवडणुकीच्या तारखा, हे परिच्छेदात कोंबणारा माणूस वाचकाचा शत्रू आहे. पण ‘लातूरच्या पाणीटंचाईची कारणे’ हे सामान नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले, त्याची कारणे मुद्द्यांत अशी येतात: कमी पाऊस, उसाचे क्षेत्र, भूजलाचा उपसा, नियोजनाचा अभाव. चार गोळे, चारही खरे, चौघांची एकमेकांशी ओळख नाही. आता याचाच परिच्छेद करायला बसा. तूर-सोयाबीनला भाव काय मिळेल याचा भरवसा नाही आणि उसाला कारखाना ठरलेला दर देतो, म्हणून शेतकरी ऊस लावतो. ऊस वर्षभर उभा राहतो आणि पाणी पितो, म्हणून बोअर खोल जातो. पाऊस कमी झाला की तो बोअर आणखी खोल जातो, आणि मग गावच्या विहिरीला जे पाणी यायचे तेही येत नाही. मुद्द्यांत ऊस फक्त आरोपी होता. परिच्छेदात तो आधी परिणाम आहे, मग कारण. हे पटणार नाही अशीही माणसे असतील, असू देत. ‘म्हणून’ लिहिले की कुणीतरी ‘कशावरून?’ विचारू शकतो. ठिपक्याला तसे विचारता येत नाही. अधिकारी निवडायचा आहे तो ‘म्हणून’ची जबाबदारी घेणारा की नुसते ठिपके देणारा?

तिसरा आक्षेप मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण तो त्या मुलीच्या बाजूचा आहे. परिच्छेद ही शहरी, शिकलेल्या, इंग्रजी वळणाच्या लोकांची चीज; खेड्यातली मुले वेगळे बोलतात, त्यांना हे माप लावणे म्हणजे पुन्हा शुद्ध-अशुद्धाचा दांडका. दांडक्याबद्दलचा राग रास्त आहे. मराठीची काळजी दरवर्षी २७ फेब्रुवारीच्या आसपास दाटून येते, आणि ती जवळजवळ सगळी वेलांट्या-उकारांत आणि पाट्यांवरच्या इंग्रजी शब्दांत जिरते. २०२४ च्या ऑक्टोबरात भाषा अभिजात ठरली तेव्हाही गप्पा तिथेच घुटमळल्या. वेलांटी दिसते, लाल पेनाला सापडते. वाक्यांमधला न लिहिलेला ‘कारण’ दिसत नाही. म्हणून गुण वेलांटीचे जातात.

पण मग हे बघा. जुन्या मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नव्हता. विरामचिन्हे नव्हती, शब्दांत अंतर सोडायची पद्धत नव्हती. लिहिणारा आधी पानभर रेघ ओढून घेई आणि अक्षरे तिला टांगत जाई. आजच्या मापाने ते पान नापास. तरी त्या कागदांवर मोहिमा चालल्या, वसुल्या झाल्या, तह झाले. हे कसे जमले? रचना शब्दांत होती म्हणून. मायना आणि कुशल संपले की ‘विशेष’ येई, म्हणजे आता कामाचे. समोरच्याच्या पत्रातला मजकूर आधी सांगून ‘म्हणोन लिहिले’ म्हणत, मग ‘ऐशास’ आले की वाचणाऱ्याला कळे, आता आपल्याला उत्तर मिळणार. मजकूर बदलला की नवे कलम. ‘बहुत काय लिहिणे’ म्हणजे संपले. विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात आली, त्याचे श्रेय इंग्रज कोशकार मेजर कँडीला देतात आणि ते त्याला खुशाल द्यावे. पण एक मुद्दा कुठे संपतो आणि दुसरा कुठे लागतो हे सांगायला दप्तरातल्या कारकुनाला ओळ मोडून नवी सुरू करावी लागत नव्हती. तेव्हा परिच्छेद परका आणि वेलांटी आपली, हे उलटेच झाले.

आणखी मागे जायचे तर वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांकडे जाता येते. सगळे आमच्याकडे होतेच असे म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. पण एक सूत्र इतके नेमके आहे की मोह आवरत नाही. एक वाक्य कशाला म्हणावे, यावर त्यांच्या सूत्रकाराचे, जैमिनीचे, उत्तर असे: ज्याचा अर्थ मिळून एक आहे, आणि तोडले तर ज्याचे तुकडे एकमेकांची वाट पाहत राहतात, ते एक वाक्य. या वाट पाहण्याला त्यांचा शब्द आकांक्षा. त्यांनी हे वाक्याबद्दल म्हटले, मी ते परिच्छेदाला ताणतो आहे. पण टोपीतल्या चिठ्ठ्यांची कसोटी हीच नाही का? ‘पाणी लांबपर्यंत दिसतंय’ हे तोडून बाजूला ठेवा, ते ‘पण’ची वाट पाहते. ‘त्यास २७ दरवाजे आहेत’ हे कुणाचीच वाट पाहत नाही. स्टेशनवर गाडी नसलेल्या माणसासारखे बसून राहते.

ही आकांक्षा निर्माण करायची मराठीची स्वतःची अवजारे आहेत आणि व्याकरणाच्या तासाला त्यांना आपण अव्यये म्हणून पाठ करवून घेतो, वापरायला देत नाही. ‘पाणी आहे’ म्हटले की विषय संपला. ‘पाणी तर आहे’ म्हटले की ऐकणारा मान पुढे करतो. ‘पाणीही आहे’ म्हटले की आधी आणखी काहीतरी होते हे कळते. एक-दोन अक्षरांनी मागचा-पुढचा दुवा जोडता येतो. तसाच शब्दांचा क्रम. ‘पैठणला धरण आहे’ हे ‘पैठणला काय आहे?’चे उत्तर, ‘धरण पैठणला आहे’ हे ‘धरण कुठे आहे?’चे. शब्द तेच, प्रश्न वेगळा. मराठीत नवी गोष्ट क्रियापदाला चिकटून येते आणि माहीत असलेली आधी. म्हणजे एका वाक्याच्या शेपटाला जे नवे आले ते पुढच्याच्या डोक्याला घेतले की साखळी तयार होते: ‘कालव्याचे तोंड वर आहे. या तोंडाखालचे पाणी…’ आपण बोलताना हे बिनचूक करतो. कागदावर उतरताना प्रत्येक वाक्य ‘जायकवाडी’ने किंवा ‘सदर प्रकल्पा’ने सुरू करतो.

‘सदर’वरून आठवले. आमच्या सोसायटीच्या जिन्यात मध्यंतरी पाण्याची सूचना लागली होती: ‘जलशुद्धीकरण केंद्रातील विद्युत व स्थापत्यविषयक तातडीची देखभाल-दुरुस्तीची कामे हाती घेण्यात येणार असल्याने त्या अनुषंगाने सदर केंद्रावर अवलंबून असलेल्या खालील भागांचा पाणीपुरवठा गुरुवारी बंद राहणार असून शुक्रवारी सकाळी तो उशिरा व कमी दाबाने होण्याची शक्यता असल्याने नागरिकांनी नोंद घेऊन सहकार्य करावे.’ शेजारच्या काकू जिन्यात उभ्या राहून बोट फिरवत होत्या. शेवटी मलाच विचारले, ‘अहो, पिंप भरून ठेवू का नको?’ मराठीचे क्रियापद शेवटी येते हे या वाक्याला फासासारखे वापरता आले: बंद आहे की चालू, हे कळेपर्यंत विद्युत, स्थापत्य आणि अनुषंग ओलांडावे लागतात. काकूंचा प्रश्न आधी धरला असता तर उलटे झाले असते. गुरुवारी पाणी येणार नाही. शुक्रवारी सकाळी येईल, पण उशिरा आणि बारीक. कारण ज्याला हवे त्याने खाली वाचावे. ही सूचना लिहिणारा माणूस बहुधा कुठलीतरी परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालेला असणार. त्याला कुणी वाईट मराठी शिकवले नाही. वाचणाऱ्याचा प्रश्न आधी, हेच शिकवले नाही.

कुठे शिकवायचे मग? मराठीच्या तासाला, असे लगेच उत्तर येते, आणि तिथेच गाडी चुकते. मराठीच्या तासाला फुलपाखराचे आत्मवृत्त असते, पावसाळ्यातला दिवस असतो. ते असावेच, त्याने हात मोकळा होतो. पण माहितीचा परिच्छेद राहतो भूगोल-इतिहासाच्या पेपरात, ‘टीप लिहा’ या सावत्र नावाखाली. टीप म्हणजे परिच्छेदच. पण टीप म्हटले की मूल विचारते, ‘किती ओळी?’ आणि गाइड सांगते, पाच. बदल इतकाच करा: ‘जायकवाडी: टीप लिहा’ काढून टाका आणि ‘जायकवाडीत पाणी दिसत असताना साठा शून्य टक्के का म्हणतात, ते न पाहिलेल्या माणसाला समजावून सांगा’ असे विचारा. ‘सकारण स्पष्ट करा’ हा प्रश्न या वाटेवर थोडा चालतो, पण तिथेही उत्तराची यादी ठरलेली असते आणि गुण यादीतल्या नगांना मिळतात.

इथे शाळेतले शिक्षक मला अडवतील आणि त्यांचा हक्क आहे. वर्गात साठ मुले, दर आठवड्याला साठ परिच्छेद तपासायचे, वर जनगणना, मतदार यादी, खिचडीचा हिशेब. कोण करणार? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धे आहे. तपासायचेच कशाला सगळे? फळ्यावर आठवड्यात एक परिच्छेद मिळून बांधा: आधी एकाने तोंडी सांगायचे, मग ते फळ्यावर उतरवायचे आणि वर्गाने ओरडून सांगायचे कुठले वाक्य उपरे आहे. मुलांनी आपापल्या परिच्छेदाची वाक्ये पट्ट्यांवर लिहून शेजाऱ्याला विस्कटून द्यायची. त्याने मूळ क्रम लावला तर परिच्छेद उभा आहे, नाही लावला तर गोणी. याला लाल पेन लागत नाही. आणि तोंडी सांगण्यापासून सुरुवात केली की खेड्यातले पोर मागे पडत नाही, उलट ज्याने धरण पाहिले आहे ते पुढे जाते. पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याला शेतकरी जेव्हा सांगतो की पाऊस कधी झाला, पाणी कुठल्या बांधावरून शिरले, किती दिवस थांबले आणि कापूस कसा काळा पडला, तेव्हा तो क्रम त्याला कुठल्या क्लासने दिला?

यंत्र आता सगळे लिहून देते, मग हे शिकायचे कशाला, हा प्रश्न हल्ली रविवारी हटकून येतो. देते, आणि व्याकरणाला चोख देते. परवा एकाने मोबाईलवर जायकवाडीवर परिच्छेद मागवून दाखवला. सुरुवात होती, ‘जायकवाडी हा महाराष्ट्रातील एक अत्यंत महत्त्वाचा प्रकल्प आहे.’ सगळे हसले. विषय दिला की तेच येणार, माणसाकडून काय आणि यंत्राकडून काय.

ती मुलगी पुढच्या रविवारी पुन्हा आली. परिच्छेद असा होता: ‘उन्हाळ्यात जायकवाडीचा साठा शून्य टक्क्यावर आल्याची बातमी येते, तेव्हाही नाथसागरात २६ टीएमसीच्या आसपास पाणी असते. धरणाची क्षमता १०२ टीएमसी असली तरी टक्केवारी मोजतात ती वरच्या ७६ टीएमसीची, कारण तेवढेच पाणी आपोआप कालव्यात उतरते. त्याखालचे पाणी कालव्याच्या तोंडापेक्षा खोल राहते, म्हणून त्याला मृतसाठा म्हणतात. मृत म्हटले तरी ते वाया जात नाही; पावसाने ओढ दिली की छत्रपती संभाजीनगरची तहान पंप लावून याच पाण्यावर भागवावी लागते. कालवे मात्र कोरडेच राहतात.’ ‘त्याखालचे’ लिहिताना तिने आधी ‘सदर’ लिहून खोडले होते, ते दिसत होते.

मी लाल पेन उघडले नाही. तिला ते आवडलेले दिसले नाही. वही हातात धरून उभीच राहिली.

‘सर, सत्तावीस दरवाजे राहिले.’

‘राहू दे.’

‘आणि शास्त्रीजी? सगळं पाठ केलं होतं.’

‘दरवाजे कधी उघडतात?’ मी विचारले.

‘धरण भरल्यावर. नाशिक-नगरकडं वर लई पाऊस झाला की मग इकडं…’ ती थांबली, खुर्ची ओढून बसली आणि तिने नवे पान काढले.